सात खुणांचं कार्ड

माझा आवाज मोठा आहे, हे आधी सांगून टाकतो. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे. बेलफास्टला राहायला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या आजीबाईंनी बायकोला हळूच विचारलं होतं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी तेव्हा फोनवर भावाशी इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल बोलत होतो. तेही खुशीत.

असा माणूस मुलीच्या शर्यतीला कुंपणाशी उभा राहिला की काय होणार? गेल्या वर्षी मी "घे, घे, आता घे, सोडू नकोस तिला" असं जे सुरू केलं, ते ऐकून दुसऱ्या शाळेच्या एका पालकाने मला बसायला खुर्ची आणून दिली. मुलगी सहावी आली. घरी जाताना गाडीत म्हणाली, "बाबा, तू परत ओरडला तर मी ट्रॅकवर थांबणार आणि चालत घरी जाणार. प्रॉमिस."

इथल्या शाळांच्या शर्यतींचा हिशेब थोडा वेगळा आहे. आमचं शहर युनायटेड किंग्डममध्ये, पण पळायला पोरं साऱ्या आयर्लंडची एकत्र. आधी जिल्हा, मग उत्तरेकडचा आमचा प्रांत, आणि प्रांताच्या फायनलमधल्या पहिल्या चार जणी सीमेपलीकडे अखिल आयर्लंड स्पर्धेला जातात. पाचवीला टाळ्या मिळतात, बस. मुलगी तीन हजार मीटर धावते. सतरा वर्षांची, शाळेचं शेवटचं वर्ष. सहा वर्षं ती या चारांत यायला धडपडत होती, आणि आता ही शेवटची संधी. परीक्षा तोंडावर आलेली असतानाही तिच्या टेबलावरच्या पुस्तकांखाली पळायच्या स्पाइक्स-बुटांचे सुटे खिळे सापडायचे.

त्यात शाळेचा ईमेल आला: फायनलच्या दिवशी फेऱ्या मोजायला पालक हवेत. बायकोने माझं नाव परस्पर कळवून टाकलं.

"मला न विचारता?" मी म्हणालो.

"अधिकाऱ्यांना ओरडायची परवानगी नसते," ती म्हणाली. "मी फोन करून खात्री करून घेतली आहे."

मुलीने आईला मिठी मारली. मला कोणी मिठी मारली नाही.

मैदानावर वारा असा होता की झेंडे कापडाचे नसून पत्र्याचे वाटत होते. मे महिना, आणि मी दोन स्वेटरांत. फेऱ्या मोजणाऱ्यांच्या प्रमुख होत्या एक सत्तरीच्या बाई, गणिताच्या निवृत्त शिक्षिका, नाकाच्या टोकावर चष्मा. बेलफास्टच्या बोलण्यात सगळं 'वी', म्हणजे एवढंसं, असतं. एवढासा चहा, एवढासा प्रश्न, एवढासा हार्ट अटॅकसुद्धा. त्यांनी माझ्या गळ्यात अधिकाऱ्याचा बिल्ला अडकवला, हातात एवढंसं कार्ड आणि एवढंसं पेन दिलं, आणि म्हणाल्या, "सोपं आहे, बाळा. शर्यत साडेसात फेऱ्यांची. म्हणजे प्रत्येक मुलगी या रेषेवरून आठ वेळा जाणार. तुझ्या कार्डावरची मुलगी रेषेवरून गेली की लगेच खूण कर. लगेच. डोक्यात ठेवायचं नाही. शेवटी मला आठ खुणा दिसल्या पाहिजेत."

"माझी मुलगीच धावते आहे यात," मी अभिमानाने सांगितलं.

"म्हणून तिचं कार्ड तुला दिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

माझ्या वाट्याला दोघी आल्या: एक पिवळ्या जर्सीतली उंच मुलगी आणि एक हिरव्या जर्सीतली, लहानखुरी, नाकावर भरपूर ठिपके. माझी मुलगी निळ्या जर्सीत. सुरुवातीच्या रेषेवर तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी मान डोलावली. चेहऱ्यावर इतका शहाणपणा आणला की स्टँडमधून बायकोने फोटो काढला.

पिस्तूल वाजलं.

पहिल्या दोन फेऱ्या मी आदर्श होतो. रेषा, मुलगी, खूण. तिसऱ्या खेपेला रेषा ओलांडल्यावर पिवळी पोट धरून गवतात जाऊन बसली आणि शर्यतीतून बाहेर पडली. उरली एकटी हिरवी. आणि इथे माझ्यातला हुशार माणूस जागा झाला. वारा कार्ड हातातून ओढत होता, पेनाची शाई थंडीने थिजलेली. एका मुलीसाठी कागद कशाला? हिरवीच्या तीन खुणा झाल्या होत्या. मी कार्ड खिशात घातलं आणि पुढचं मोजायला बोटांची पेरं घेतली.

हे आमच्याकडचं जुनं शस्त्र. गणपतीत आवर्तनं म्हणायला बसलो की आई तेच करायला लावायची: चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, अंगठा एकेक पेर चढत जातो. तोंड म्हणतं, अंगठा मोजतो, डोकं मोकळं. ऑफिसातल्या लांबलचक मीटिंगमध्ये साहेब "बेसिकली" किती वेळा म्हणतात तेही मी असंच मोजतो. आजवर एकदाही चुकलो नव्हतो. हिरवी चौथ्यांदा गेली, अंगठा चौथ्या पेरावर. मी त्या पेराला घट्ट धरून ठेवलं आणि मोकळ्या डोक्याने निळ्या जर्सीकडे पाहू लागलो.

शर्यत आता ताणली होती. पुढे तिघी, त्यांना कोणी गाठणार नाही हे दिसतच होतं. मागे चारपाच जणींचा गुच्छ, चौथ्या नंबरासाठी कोपराने कोपर घासत. त्यांच्याही मागे एकेकट्या, आणि काहींना पुढच्यांनी आख्खी फेरी मागे टाकलेलं. कोण कितव्या फेरीत आहे हे नुसतं बघून कोणालाच सांगता आलं नसतं. माझी मुलगी गुच्छात होती. मी दात आवळून उभा होतो. माझ्या पोटात आवाज साठत होता, कुकरची वाफ साठते तसा.

गुच्छ सरळ पट्टीत आला, माझ्यापासून पंधरावीस पावलांवर, आणि कोणाचा तरी पाय माझ्या मुलीच्या टाचेला लागला. ती एका गुडघ्यावर पडली, हात पुढे टेकून.

मी ओरडलो नाही. हे लिहून ठेवा. आयुष्यात एकदाच. ओरड गळ्यापर्यंत आली आणि तिथून खाली वळून हातात गेली. माझ्या दोन्ही मुठी वळल्या. ती उठली. कशी उठली कोण जाणे, पण उठली, आणि लंगडत दोन पावलं टाकून पुन्हा धावायला लागली. वळणावर ती दिसेनाशी होईपर्यंत मी श्वास घेतला नव्हता.

मग मी हाताकडे पाहिलं. मूठ वळलेली. अंगठा सगळ्या बोटांच्या वर बसलेला, कुठल्याच पेरावर नाही.

आता सांगा, हिरवी रेषेवरून गेली होती का? मी स्वतःला समजावलं की गेली असती तर दिसली असती. नाही दिसली, म्हणजे मागे असेल. अंगठा गुपचूप चौथ्या पेरावर परत ठेवला आणि मोजायला लागलो. अशा वेळी माणूस स्वतःच्या खांद्यावर हात ठेवून स्वतःलाच म्हणतो, होतं रे असं, चल पुढे.

शेवटच्या फेरीची घंटा वाजली. निळी जर्सी गुडघ्यातून रक्त गाळत एकेकीला मागे टाकत आली. सातवी, सहावी, पाचवी. सरळ पट्टीत तिच्यापुढे एकच मुलगी उरली होती, आणि ती माझी हिरवी. माझी मुलगी दोन पावलं कमी पडली. हिरवी चौथी, माझी पाचवी.

मी खाली मान घालून कार्ड काढलं आणि पेरांवरच्या खुणा कागदावर उतरवल्या. तीन आधीच्या, चार आत्ताच्या. सात.

सात?

सात म्हणजे हिरवी एक फेरी कमी धावली. म्हणजे ती चौथी नाहीच. मागे पडलेली, योगायोगाने गुच्छाबरोबर रेषेवर आलेली. म्हणजे पाचवी ती चौथी.

आणि खरं सांगतो, मला आनंद झाला.

बाईंनी कार्ड घेतलं, चष्म्यातून पाहिलं, मोजलं, परत मोजलं. निकालाचा कागद काढला. "हिच्या एका फेरीची कमतरता आहे. मग पाचवी वर येते." त्यांनी नंबर शोधला, यादीत नाव पाहिलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे. "ही तुझीच ना, बाळा?"

"हो."

"तुझी खात्री आहे? सात?"

"कार्डावर सात आहेत," मी म्हणालो. वकील अशीच वाक्यं बोलतात.

त्यांनी हिरवीला बोलावलं. पोरगी अजून धापा टाकत होती. फेरी कमी आहे हे ऐकून तिचे ठिपके एकदम उठून दिसायला लागले, चेहरा इतका पांढरा पडला. "नाही! मी पूर्ण धावले. घंटेपर्यंत सात वेळा गेले, मी मोजत होते!"

"मुली, धावणाऱ्याची मोजणी धरत नाहीत. कार्ड धरतात." बाईंचा आवाज कठोर नव्हता, पण गणितासारखा होता. त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं. "सही कर. सही झाली की निकाल लागला."

तीस पावलांवर माझी मुलगी कुंपणाला टेकून उभी होती. काहीतरी गडबड आहे हे तिच्यापर्यंत पोचलं होतं. तिने हात वर केला आणि चार बोटं दाखवली. भुवया उंचावून. प्रश्नचिन्ह.

मी पेन उघडलं.

"तुम्ही बघतच नव्हता," हिरवी माझ्याकडे वळून म्हणाली. आता ती रडत होती. "ती निळी पडली तेव्हा. मी तिच्या शेजारून गेले, तिचा हात माझ्या बुटाला लागला, मी उडी मारली. सरळ रेषेवरून गेले. तुमच्या समोरून. तुम्ही तिच्याकडे बघत होता, हात असे करून." तिने दोन्ही मुठी वळून दाखवल्या.

हुबेहूब माझ्या मुठी.

वारा कार्ड फडफडवत होता. मला आठवतंय, मी त्या क्षणीही पळवाट शोधत होतो. सहीच्या जागेवर पेन टेकवलेलं होतं, शाईचा एक ठिपका पडलाही होता. मुलीची चार बोटं अजून हवेत होती.

"ती खरं बोलते आहे," मी म्हणालो. माझा आवाज इतका बारीक आला की बाईंनी "काय?" विचारलं. मग तो नेहमीसारखा निघाला, आख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा. "मी बघत नव्हतो! माझी मुलगी पडली आणि मी हिची एक फेरी सोडली! खुणाही मागाहून केल्या!"

स्टँडमध्ये बायकोने कपाळावर हात मारलेला मला लांबून दिसला.

बाईंनी कार्डावर आडवी रेघ मारली. "लगेच खूण कर, असं मी काय उगीच सांगते?" म्हणाल्या, आणि माझ्या गळ्यातला बिल्ला स्वतःच्या हाताने काढून घेतला. हिरवी चौथी राहिली. धावत गेली ती थेट कुंपणापाशी, माझ्या मुलीकडे, आणि वाकून तिचा गुडघा पाहू लागली. मुलीने चार बोटं खाली घेतली.

गाडी बायको चालवत होती. मी पुढे, मुलगी मागे, पाय सीटवर पसरून, गुडघ्यावर पट्टी. अर्ध्या तासात कोणी एक शब्द बोललं नाही. माझ्या बाबतीत हा विक्रमच म्हणायचा. शेवटी मागून आवाज आला.

"मी किती सेकंद खाली होती?"

"नाही सांगता येणार, बाळा."

"तू पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होता ना?"

"हो."

"आणि ते पण नाही मोजलं." ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग फोनवर निकालाचा काढलेला फोटो मोठा करून पाहिला. "पॉइंट सिक्स. चौथ्या नंबरला पॉइंट सिक्स सेकंद कमी पडले. मी पडली नसती तर झालं असतं."

हे खरं होतं. बायकोने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "सोमवारी असेंब्लीत खेळाडूंची नावं वाचतात ना? नको असेल तर मी शाळेला फोन करते. घरी थांब."

"नाही. पाचवी पण वाचतात. उभं राहायचं असतं. मी राहणार." तिने नाक पुसलं. "सगळे विचारणार, तू शेवटी एवढी फास्ट आली, मग चौथी का नाही."

"मग काय सांगशील?" मी घाबरत विचारलं.

"सांगेन, माझी मम्मी डॉक्टर आहे, बाबा सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि त्याला आठपर्यंत मोजता येत नाही."

बायको इतकी हसली की आमचं वळण चुकलं आणि आम्ही उगीचच विमानतळाच्या रस्त्याला लागलो.