तांदळाच्या डब्यातली अन्नपूर्णा

रियाधला आमची अन्नपूर्णा तांदळाच्या डब्यात असायची. लग्नात आईने दिलेली, बोटभर उंचीची, हातात पळी घेतलेली पितळी मूर्ती. तिला तांदळातच बसवतात, त्यामुळे डब्यात ठेवताना मला फारसं लागलं नाही. रोज सकाळी झाकण काढायचं, हळदकुंकू वाहायचं, आरती ओठांतल्या ओठांत म्हणायची आणि झाकण लावून टाकायचं. तिथे मूर्तिपूजेला बंदी, म्हणून घंटा नाही, उदबत्ती नाही. कुणाच्या दृष्टीस पडलीच तर 'शोपीस आहे' हे उत्तर तोंडपाठ होतं. पुढे पुढे मला शंकाच यायला लागली, अशी चोरटी पूजा पोहोचते तरी कुणाला?

एका ईदच्या सुट्टीत आम्ही दोघं हाँगकाँगला गेलो. बंद घरात देवी उपाशी राहू नये म्हणून तिला रुमालात गुंडाळून पर्समध्ये घेतली. शहराची मला मोठी गंमत वाटली. दुमजली ट्राम, साहेबांच्या नावांचे रस्ते आणि पाटीवर शेजारीच चिनी अक्षरं, घट्ट दुधाचा कडक चहा. आणि दुकानांच्या उंबऱ्याशी चक्क छोटे लाल देव्हारे! त्यांत उदबत्त्या जळतायत आणि माणसं आपापल्या कामाला चाललीयत. मी मात्र सवयीने मागे वळून बघायची. हे चेष्टेने म्हणाले, "अगं, धार्मिक पोलीस तिकडे रियाधला राहिले."

परतायच्या आदल्या दिवशी सकाळी ट्राममध्येच ह्यांच्या छातीत कळ आली. लोकांनी धावपळ करून हॉस्पिटलात पोहोचवलं. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली होती, ताबडतोब आत न्यावं लागलं. मी बाहेरच्या बाकावर बसले. पोटात अन्नाचा कण नव्हता आणि मुठीत अन्नपूर्णा घट्ट धरलेली. ह्यांना परत दे, एवढंच तिला सांगत होते.

शेजारी एक चिनी आजी होत्या. अंगात लोकरी कार्डिगन, गळ्यात मोत्यांचा सर, हातात थर्मास आणि इंग्रजी कॉन्व्हेंटच्या बाईंसारखं. त्यांचे यजमानही आतच होते. माझ्या मुठीतून मूर्ती डोकावत असावी. त्यांनी हळूच विचारलं, "तुमची देवी का?"

"नाही," मी म्हटलं, "शोपीस आहे."

तिथे मला कुणी काही करणार नव्हतं. तरी जीभ सवयीने वळली. जिच्याकडे नवऱ्याचा जीव मागत होते, तिलाच मी ओळख दाखवली नाही. मला माझीच किळस आली.

आजींना कळलं असावं. त्या म्हणाल्या, "असू दे. पण मुठीत घुसमटेल ती. माझ्या देवीच्या शेजारी बसू दे." खिडकीच्या कट्ट्यावर त्यांची पांढरी चिनी मातीची देवी होती, तिच्यापुढे एक संत्रं. मी अन्नपूर्णेला तिच्याजवळ ठेवलं, तेवढ्यात नर्सने मला आत बोलावलं.

धोका टळला होता. ह्यांनी माझा हात दाबला. बराच वेळ तशीच बसून मी बाहेर आले, तर बाक रिकामा. आजी नव्हत्या, त्यांची देवीही नव्हती. अन्नपूर्णा एकटीच बसली होती, मी ज्या दारातून आत गेले त्या दाराकडे तोंड करून. तिच्यापुढे ते संत्रं आणि थर्मासच्या झाकणात, बशीसारखा कागद वर झाकून ठेवलेला दुधाचा चहा. अजून कोमट होता. आजींच्या यजमानांचं काय झालं, हे मला कधीच कळलं नाही. मी नर्सकडे चौकशी केली, पण तिने सांगितलं नाही. एवढ्या काळजीतही त्यांना माझी भूक दिसली, याचं मला आजही नवल वाटतं.

मी सगळ्यांदेखत हात जोडले. मग तिथेच बसून रडत रडत ते संत्रं अर्धं खाल्लं, अर्धं ह्यांच्यासाठी ठेवलं.

रियाधला अन्नपूर्णा पुन्हा डब्यात गेली. मी काही शूर झाले नाही, झाकण अजून लावतेच. पण आपण तिला सांभाळतोय हा माझा तोरा उतरला. आता झाकण लावताना तिची माफी मागते आणि बाकीचं तिच्यावर सोपवते. त्या दिवशी मी तिला नाकारलं, आणि तिने मला उपाशी ठेवलं नाही.