मंद्रूपचा हिरवा रॅम्प

आमच्या ऑफिसात भिंतीवर एक भलामोठा टीव्ही आहे. त्यावर बातम्या लागत नाहीत की क्रिकेट लागत नाही. आमच्याकडे चालू असलेल्या कामांची नावं दिसतात आणि प्रत्येक नावापुढे एक पट्टी. पट्टी लाल असली की सरांचा चेहरा उतरतो, हिरवी झाली की ते सगळ्यांसाठी चहा मागवतात. त्या टीव्हीला सकाळी उदबत्ती ओवाळायची तेवढी राहिली आहे.

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. घरात, ऑफिसात, रोजच्या रिक्षावाल्यालासुद्धा ते ठाऊक आहे. पण या टीव्हीचा राग असा पटकन आलेला नाही. तो सावकाश आला आणि अजून मुक्काम ठोकून आहे.

सोलापुरात सात रस्त्याजवळ आमचं आर्किटेक्टचं ऑफिस. मी तिथे ड्रॉइंग करते. पूर्वी ड्रॉइंग झालं की त्याची प्रिंट सरांपुढे जायची. सर लाल पेन घेऊन बसायचे आणि कागदावर गोल करत सुटायचे. "अगं, हे दार असं उघडलं तर आतला माणूस जाईल कुठं?" असं म्हणायचे आणि स्वतः उठून केबिनचं दार उघडून दाखवायचे. त्या लाल गोलांची मला धास्ती वाटायची. पण सर ड्रॉइंग बघायचे. डोळ्यांनी बघायचे.

मग पुण्याच्या एका कंपनीकडून आम्हाला कामं मिळू लागली आणि कामांबरोबर त्यांची पद्धतही आली. आता बिल्डिंग कॉम्प्युटरमध्येच उभी राहते. प्रत्येक ड्रॉइंगला एक यादी जोडलेली असते. मापं टाकली का, दारांना नंबर दिले का, जिना तपासला का, रॅम्प तपासला का. एकेका ओळीपुढे चौकोन. चौकोनात खूण केली की ती ओळ हिरवी, सगळ्या ओळी हिरव्या झाल्या की ड्रॉइंग हिरवं, सगळी ड्रॉइंगं हिरवी झाली की टीव्हीवरची पट्टी हिरवी. सगळं एकमेकांत गुंतवलेलं. आणि तीच पट्टी पुण्यातल्या साहेबांना त्यांच्या टेबलावर दिसते. दर शुक्रवारी त्यांची मीटिंग. त्यामुळे आमच्याकडे शुक्रवारी दुपारी सगळं हिरवं होतं.

पद्धत वाईट नाही, हे मी रागातसुद्धा मान्य करते. माणूस विसरतो, यादी विसरत नाही. माझी तक्रार यादीबद्दल नाही.

मंद्रूपच्या दवाखान्याचं काम आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मंद्रूप माझं माहेर. आई तिथे एकटी राहते, तिचे गुडघे गेलेले आहेत. दुमजली दवाखाना, वर ऑपरेशन थिएटर आणि वॉर्ड. लिफ्टची जागा सोडलेली होती, पण लिफ्ट नंतर कधीतरी. म्हणजे पेशंट वर न्यायचा तर रॅम्पवरून, ढकलगाडीच्या स्ट्रेचरवर.

मी फाईल उघडली. आत अजून धड भिंतीही नव्हत्या. पण यादीत "रॅम्प तपासला" यापुढे खूण. हिरवी.

मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं बघतेय. मग लक्षात आलं. आमच्याकडे नवीन काम कोऱ्या फाईलवर कुणीच सुरू करत नाही. मागच्या कामाची फाईल घ्यायची, नवं नाव देऊन ठेवायची, जुन्या भिंती पुसायच्या आणि लागायचं कामाला. भिंती पुसल्या होत्या. रॅम्प कामाला येईल म्हणून तसाच ठेवला होता आणि त्याच्या खुणाही तशाच आल्या होत्या. मागचं काम होतं मंगळवेढ्याचं मंगल कार्यालय. तिथला रॅम्प खरोखरच तपासलेला होता. स्वयंपाकघरातून गॅसच्या टाक्या आणि बुंदीच्या पराती हातगाडीवर वरच्या हॉलमध्ये न्यायला. हातगाडी आखूड, जागच्या जागी फिरते. त्या रॅम्पवर आता आम्ही माणसं झोपवून नेणार होतो.

मी खूण काढली. एक खूण काढली तशी सगळी माळ लाल झाली. ओळ लाल, ड्रॉइंग लाल, भिंतीवर पट्टी लाल. आणि वार शुक्रवार.

"कुणी लाल केलं?" सर केबिनमधून बाहेरच आले.

"सर, रॅम्प जिथे वळतो तिथे स्ट्रेचर वळणार नाही. हा कार्यालयाचा रॅम्प आहे."

"अगं, मग नंतर बघू की. आधी हिरवं कर."

"बघितल्यावर करते."

सरांनी माझ्या खांद्यावरून वाकून स्वतः खूण केली. ते गेल्यावर मी काढली. त्यांनी पुन्हा केली. ऑफिसातली मंडळी टीव्हीकडे बघत होती, लाल, हिरवा, लाल, जसा चौकातला सिग्नल बिघडलाय. शेवटी सरांनी काय करावं? त्यांनी माझा अधिकारच काढून घेतला. तेव्हापासून मला खूण करता येते, काढता येत नाही. ही सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि ज्याने ती ठेवली त्याला माझे दोन शब्द ऐकवायची फार इच्छा आहे.

पुढच्या दिवसांत मी सरांना ते परत परत सांगितलं. सांगितलं म्हणजे भांडले. ते म्हणायचे, "पुण्यानं पास केलंय." पुण्याला फोन लावला तर तिथली पोरगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, आमच्याकडे तर ग्रीन दिसतंय." म्हणजे पुण्याने आमचा हिरवा बघून पास केलं आणि आम्ही पुण्याचा पास बघून गप्प बसलो. रॅम्प कुणीच बघितला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

एवढा राग का, असं माझा नवरा विचारतो. त्याला माहीत आहे, तरी विचारतो. माझे वडील, अप्पा, शहरातल्या एका दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर होते. तपासणीसाठी खाली न्यायचं होतं आणि लिफ्ट बंद होती. जिन्यावर स्ट्रेचर वळेना. शेवटी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, छातीभोवती टॉवेल बांधला आणि चौघांनी उचललं. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी व्हायची आणि अप्पा कठडा पकडायचे. नि त्या पोरांना विचारायचे, "लई वझं झालं का रं माझं?" अप्पा त्याच आठवड्यात गेले. खुर्चीमुळे गेले असं मी म्हणत नाही. पण शेवटच्या आठवड्यात त्या माणसाला स्वतःच्या वजनाची लाज वाटली, आणि ती कुणातरी आर्किटेक्टने वाटायला लावली.

मंद्रूपच्या ठेकेदाराचा फोन आला तो शनिवारी. सोलापूरचाच मुसलमान माणूस, बापापासून बांधकामात. "म्याडम, उद्या लाइन आउट टाकायलोय. रॅम्पबी टाकतो. यायचं हाय का?" लाइन आउट म्हणजे खणण्याआधी सगळी बिल्डिंग पांढऱ्या फक्कीने जमिनीवर आखून घेणं. सरांना विचारलं तर म्हणाले, "गरज काय? हिरवं आहे." मी सकाळची एसटी पकडली.

आधी आईकडे गेले. भाकरी खाता खाता तिच्यापुढे सगळा राग ओकले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग वळवून बगा की. हितं बसून काय बोंबलायलीस?"

"स्ट्रेचर कुठनं आणू?"

"माजी खाट न्या. लोखंडी हाय, हलकी हाय."

खाट स्ट्रेचरपेक्षा लांबीला वीतभर कमीच होती. ठेकेदाराने दोन माणसं पाठवली. त्यांनी खाट उचलली आणि मागोमाग आईही काठी टेकत निघाली. साइटवर पोचलो तर ती सरळ खाटेवर आडवी झाली आणि पदर नीट केला. "मोकळी खाट काय वळवताव? पेशंट नको व्हय?"

"अम्मा, ऊन लई हाय," ठेकेदार म्हणाला.

"असूं दे. उचला."

चौघांनी उचललं. "आस्ते, आस्ते," ठेकेदार पुढे उलटा चालत होता. फक्कीच्या दोन रेघांमधून खाट सरळ गेली. वळण आलं. पुढच्या दोघांनी वळायला सुरुवात केली आणि मागच्याचा पाय पांढऱ्या रेघेपलीकडे गेला. मागे घेतली, पुन्हा वळवली. आता पुढचा रेघेबाहेर. जमिनीवर रेघ ओलांडता येते, तिथे उद्या भिंत असणार होती. तिसऱ्यांदा त्यांनी खाट तिरकी केली तशी आई एका बाजूला घसरली आणि तिने ठेकेदाराचा हात घट्ट पकडला.

"थांबा," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं. "तुज्या अप्पाला न्हेलं तसंच न्हेणार व्हय गं मला?"

ठेकेदाराने खाट खाली ठेवायला लावली, चपलेने फक्कीची ती रेघ पुसली आणि म्हणाला, "काम बंद. साहेबाला फोटो पाठवा म्याडम."

मी पाठवला. उन्हात खाटेवर बसलेली माझी आई, रेघेपलीकडे उभा असलेला माणूस. सरांचा फोन लगेच आला. म्हणाले, "अगं, हे आधी का नाही सांगितलंस?"

मी फोन कट केला. नाहीतर नोकरी गेली असती.

सोमवारी सर स्वतः माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. आम्ही वळण रुंद केलं, एक कॉलम सरकवला, स्टोअररूम लहान केली. हुशार माणूस आहे, दुपारपर्यंत सगळं झालं. पूर्वीसारखं पेन हातात घेऊन बोलत होते, आणि माझा राग जरा उतरलासुद्धा. मग शुक्रवार आला. मीटिंगमध्ये सर पुण्याच्या साहेबांना म्हणाले, "आमच्या चेकलिस्टमुळे वेळेत लक्षात आलं." पलीकडून शाबासकी आली. मी मागे बसून ऐकत होते. त्या यादीत रॅम्पची ओळ पहिल्या दिवसापासून आजपर्यंत हिरवीच आहे. मधले ते माझे लाल क्षण कुठे नोंदलेले नाहीत.

गेल्या महिन्यात नवीन काम आलं, जेऊरला. तिथेही दवाखाना. सरांनी मंद्रूपची फाईल नव्या नावाने ठेवली आणि माझ्याकडे दिली. जेऊरचा प्लॉट चिंचोळा आहे, रॅम्प दाबून बसवावा लागणार आहे. मी फाईल उघडली. भिंती पुसलेल्या आणि "रॅम्प तपासला" हिरवं.

सरांना सांगितलं. ते टीव्हीकडे बघत म्हणाले, "अगं, तो तर तूच तपासलायस ना?"

खूण मला काढता येत नाही. या रविवारी मी जेऊरची गाडी धरणार आहे. फक्की, दोरी, टेप पिशवीत भरून ठेवलंय. तिथे माझं कुणी राहत नाही. खाट कुणाच्या घरून मागायची आणि तिच्यावर कुणाच्या आईला झोपवायचं, तेवढं ठरायचंय.