कुसाबाईची बाजू

पंचवटीच्या बाजारात झेंडू विकणाऱ्या कुसाबाईची सकाळ दोनच गप्पांनी सुरू होते: आज थंडी किती, आणि काल टीव्हीवर कुठला जुना कौटुंबिक सिनेमा लागला. शेजारी मेथी विकणारी कलाबाई सिनेमातल्या छळ सोसणाऱ्या सुनेसाठी डोळे पुसते. पूर्वी कुसाबाईही पुसायची. पण घरात सून आली त्या दिवसापासून ती सासूच्या बाजूला गेली.

"कालची सून लय शेफारलेली होती," आजही ती कुडकुडत ठणकावत होती.

तेवढ्यात तिची सून योगिनी स्कूटीवरून आली. "आई, स्वेटर परत विसरलात! कितीदा सांगायचं तुम्हाला?"

भर बाजारात झापलं. कुसाबाईने निमूटपणे स्वेटर अंगात घातला.

योगिनी गेली. "बघितलंस? सासूचे हाल सिनेमावाल्यांना कधी दिसायचे नाय," कुसाबाई कुरकुरली, आणि तिने गळ्याचं बटणही लावून टाकलं.