माफीनंतर नेलेली नात

डोरीन आंटीला चार वर्षांची असताना सरकारने आईच्या कुशीतून उचलून नेलं. आम्हा आदिवासींची मुलं 'सुधारायची' होती ना! साठ वर्षांनी राजधानी कॅनबेराहून सरकारने अशा नेलेल्या मुलांची मागितलेली माफी टीव्हीवर ऐकताना ती ढसाढसा रडली.

त्याच वर्षी हिवाळ्यात बालकल्याणवाले तिच्या नातीला न्यायला आले. कारण काय, तर सरकारी घरात माणसं जास्त, खोल्या कमी.

आंटी दारात आडवी उभी राहिली. "खोली वाढवून द्या म्हणून तीन अर्ज केले, तेव्हा कुठे तडमडला होतात?"

"आंटी, आम्हालाही वाईट वाटतं," त्यांच्यातली बाई म्हणाली.

"तुमचं वाईट वाटणं घाला चुलीत! पोरगी इथेच राहील."

आम्ही शेजारीपाजारी गाडीपुढे बसलो, तेव्हा ते परत गेले. सोमवारी पोलिसांना घेऊन आले आणि पोरीला नेलंच. तिला परत मिळवायचा खटला अजून चालू आहे. प्रत्येक तारखेला आंटी पहिल्या बाकावर जाऊन बसते.