कॅसेटच्या पिनांना लावलेलं कुंकू

कुंकवाचा वास आला की मला मामांच्या गावचा, राहूचा दसरा आठवतो. मामांनी विळे, कोयते, फवारणीचा पंप पूजेला मांडले आणि त्या ओळीत माझा व्हिडिओ गेमही ठेवला. मामीनं सगळ्यांना हळदीकुंकू लावलं. गेमच्या कॅसेटला मात्र नेमकं खालच्या पिवळ्या, चकचकीत पिनांवर. संध्याकाळी कॅसेट बसवली तर टीव्हीवर नुसत्या मुंग्या. यंत्रातलं सगळं मलाच कळतं असं मानणारा मी चिडलो, “मामी, तिथं लावतात का कुंकू?” ती शांतपणे म्हणाली, “आरं, मग ह्याचा जीव कुठं हाय?” जीव तिथंच होता. मी गुमान खोडरबर घेऊन पिना घासत बसलो. गेम चालू झाला. आता दसऱ्याला मी लॅपटॉपला कुंकू लावतो ते झाकणावर, जीव तिथं नाही हे पक्कं माहीत असून.