गाल घासून घेतले तेव्हा

पुटकुळ्या मला चौदाव्या-पंधराव्या वर्षी आल्या आणि फायनलची परीक्षा पास होऊन शाळेत नोकरीला लागेपर्यंत माझ्या तोंडावर मुक्कामाला होत्या. गेल्या तेव्हा दोन्ही गालांवर खड्डे ठेवून गेल्या. वसईजवळच्या आमच्या गिरीजच्या घरात त्यांच्यावर सगळे उपाय होऊन गेले. जायफळ उगाळून झालं, हळद-साय झाली, मसुराचं पीठ झालं. एकदा तर आईने कुणाच्या तरी सांगण्यावरून कोवळ्या केळीचा चीक लावला. त्याने खड्डे तसेच राहिले आणि उशीचे अभ्रे मात्र कायमचे डागळले.

मी भुईगावच्या शाळेत पहिलीला शिकवायची. एक दिवस एक चिमुरडी पाटी दाखवायला आली ती पाटी विसरून माझ्या गालाकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, तुमच्या गालावर पाऊस पडला?" समुद्राकाठची पोर ती. ओल्या वाळूवर पावसाचे थेंब पडले की बारीक खळगे उमटतात, ते तिने रोज पाहिलेले. मला इतकं हसू आलं की बाकीची मुलंही कारण नसताना हसायला लागली. पण घरी आल्यावर मी आरसा घेऊन बराच वेळ खिडकीत बसले, हेही खरं.

छप्पन-सत्तावन्न साल असेल. दिवाळीला आत्या आली. ही माझी धाकटी आत्या मुंबईच्या एका सरकारी इस्पितळात नर्स होती. लग्न केलं नव्हतं, कुणाचं ऐकत नव्हती, आणि वडील तिला थोडे घाबरत. भाऊबीजेच्या ताटावरच तिने विषय काढला.

"आमच्याकडे चामडीचे एक नवे डॉक्टर आलेत. विलायतेला शिकून. असले खड्डे ते ब्रशने घासून काढतात. हिला घेऊन जाते."

"ब्रशने?" वडिलांचा घास हातातच राहिला. "अगं, तोंड आहे का टोप घासायला?"

"तारेचा ब्रश असतो बारीकसा. यंत्रावर फिरतो. वरची चामडी निघते आणि खालून नवी येते."

आई म्हणाली, "आनि नाही आली तर?"

"येते, वहिनी. तुझा गुडघा फुटला तेव्हा आली नव्हती का?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मला जायचंय." एवढ्या मोठ्याने आणि इतक्या पटकन बोलले की माझं मलाच नवल वाटलं. शाळेला सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो.

डॉक्टर उंच, टक्कल पडलेले आणि फार कमी बोलणारे होते. त्यांनी मला उजेडात बसवून दोन्ही गाल ताणून ताणून पाहिले. "उथळ आहेत ते जातील," ते म्हणाले. "खोल आहेत ते कमी होतील. सगळे जातील असं मी म्हणणार नाही. आणि नंतर उन्हात गेलीस तर गाल काळे पडतील. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

मला टेबलावर निजवून डोळ्यांवर जाड पट्टी बांधली. मग गालावर कसलासा फवारा मारला. तो इतका गार, की गाल लाकडासारखा घट्ट झाला. पाठोपाठ यंत्र घरघरायला लागलं. दुखत नव्हतं, पण आवाज थेट कवटीत घुमत होता. एक तुकडा गोठवायचा, घासायचा, मग पुढचा. आत्या माझा हात धरून उभी होती आणि मधून मधून "झालं हं, झालं" म्हणत होती. झालेलं नसायचं. गारवा उतरल्यावर मात्र अशी आग झाली की आजवर आईच्या मिरच्यांना मी उगाच नावं ठेवली असं वाटलं.

काही दिवस इस्पितळात राहून मी घरी आले तेव्हा दोन्ही गालांवर तपकिरी खपल्यांचे थर होते. तोंड सुजलेलं, डोळे बारीक झालेले. मला पाहून आईने डोक्याला हात लावला. बोलायची, हसायची चोरी. पेज प्यायची आणि सावलीत बसायचं. मी मागच्या पडवीत केळीचं पान डोक्यावर धरून बसायची.

तिथेच शेजारच्या मावशीने मला पाहिलं. मावशी पानवेलीत पाणी सोडत होती. कुंपणावरून तिने एकदा पाहिलं, परत निरखून पाहिलं आणि कळशी टाकून पळाली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की मास्तरणीला देवी आल्या. दूधवाली फाटकाबाहेरूनच ओरडून विचारू लागली. केळी न्यायला येणारा व्यापारी गाडी लांब उभी करून वडिलांशी हातवारे करत बोलला. दिवाळीच्या सुट्टीत राहायला येणारे आमचे पाहुणे आलेच नाहीत. वडील म्हणाले, "डॉक्टरांचे उपकार." आई त्यांच्यावर चिडली, पण पदराआड तीही हसत होती.

एका सकाळी देवीची लस टोचणारा सरकारी माणूस पेटी घेऊन दारात हजर झाला. तरुण होता, सडसडीत, खाकी टोपी घातलेला. मागे फाटकाजवळ मावशी आणि अर्धी आळी.

"काकी, घरात पेशंट आहे असं कळलं."

"पेशंट कसला! तोंड घासून आनलंय तिने मुंबईहून!" आई म्हणाली.

त्याने मला उजेडात बोलावलं. माझे हात, तळवे, पाय बघितले. "ताप होता?"

"नाही," मी ओठ न हलवता म्हटलं.

"अंगावर कुठेच नाही. फक्त गालांवर." तो बुचकळ्यात पडला. मग मी कागद घेऊन सगळी हकीकत लिहून दिली, कारण बोलले असते तर खपल्या तडकल्या असत्या. ती वाचून त्याने फाटकाकडे वळून जाहीर केलं, "देवी नाहीत! पण आता आलोच आहे, तर सगळ्यांना टोचूनच जातो."

आळी क्षणात रिकामी झाली. मावशीचा पदर मात्र फाटकाच्या खिळ्यात अडकला आणि पहिली सुई तिलाच मिळाली. तिने त्याला, मला, आत्याला आणि त्या डॉक्टरांना मिळून ज्या शिव्या घातल्या, त्या ऐकताना माझी हसू दाबण्याची खटपट फुकट गेली. एक खपली तडकलीच.

जाताना तो पायरीवर घुटमळला. आईला म्हणाला, "काकी, आम्ही मनवेलपाड्याला राहतो. माझ्या बहिणीचं तोंडही असंच खड्ड्यांचं आहे. दोन वर्षं झाली, घराबाहेर पडत नाही. या बाई बऱ्या झाल्या की एकदा तिला भेटतील का?"

खपल्या पडल्या. खालचे गाल तान्ह्या बाळासारखे गुलाबी निघाले. शाळा सुरू होण्याआधी मी छत्री घेऊन, वर पदर घेऊन मनवेलपाड्याला गेले. बहीण आतल्या खोलीत पाठ करून बसली होती. माझ्याच वयाची. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि खिडकी उघडली. ती पुढे सरकून माझे गाल न्याहाळू लागली.

"हात लावून बघू?"

"बघ. पण नख लावू नकोस, फार महागात पडलंय."

"दुखलं?"

"खूप. खोटं कशाला सांगू?"

ती पहिल्यांदा हसली. "बरं झालं खरं सांगितलंस. सगळे म्हणतात, काही दुखत नाही."

मे संपून पावसाळी ढग आले, ऊन उतरलं, तेव्हा तिला घेऊन मी आत्याकडे गेले. या खेपेला हात धरून उभी राहणारी मी होते. "झालं, झालं" असं मी एकदाही म्हटलं नाही. "अजून आहे," असंच म्हणत राहिले, आणि ती मुठी आवळून "असू दे, असू दे" म्हणत राहिली. पुढे तिने टेलिफोन खात्यात नोकरी धरली आणि इतकी बडबडी झाली, की तिचा भाऊ मला म्हणायचा, "बाई, तुम्ही जरा जास्तच बरी केलीत हिला."

माझे उथळ खड्डे गेले. डाव्या गालावरचे दोन-तीन खोल होते ते राहिले. तिचेही काही राहिले. तरी आम्ही दोघींनी ठरवून वसईत फोटो काढून घेतला, आयुष्यातला पहिला. फोटोवाल्याने तो अगदी मन लावून पेन्सिलीने साफसूफ करून दिला. दोघींचे गाल चिनी मातीच्या बशीसारखे.

माझी ही नवी मैत्रीण भडकली. "एवढं सोसून घेतलं ते काय तुम्ही पेन्सिलीने पुसून टाकायला? आम्हाला आमचे गाल द्या!"

फोटोवाल्याला कळेना की ही कुठल्या जातीची गिऱ्हाइकं. शेवटी बिचाऱ्याने दुसरा, हात न लावलेला फोटो काढून दिला. आम्ही दोघींनी तो ठेवला. बशीसारख्या गालांचा फोटो आईने चौकटीत घालून ओटीवर लावला, आणि शेजारच्या मावशीने तो पाहून आपल्या धाकट्या सुनेसाठी त्या डॉक्टरांचा पत्ता विचारला.