पल्लवीच्या पाच मुलाखती आणि आमची गल्ली

किस्से मी गोळा करत नाही हो, ते आपोआप साचतात. आमच्या आणि धनराजभाऊंच्या घरात एकच भिंत, तीही एका विटेची. तिकडे फोडणी पडली की इकडे आम्हाला ठसका! अशा घरात राहणाऱ्या बाईनं काही ऐकायचं नाही म्हटलं तर कानात कापूसच घालावा लागेल. या चार महिन्यांत तर एवढं साचलं की कोणाला सांगितलं नाही तर माझंच पोट दुखेल.

तर धनराजभाऊंची पल्लवी. आमच्या अड्याळच्या शाळेतून निघाली आणि नागपुरात एमबीबीएस झाली. पुढचं शिक्षण तिला अमेरिकेत करायचं होतं. तिकडे त्याला रेसिडेन्सी म्हणतात. दवाखान्यात राबत राबत तीन वर्षं शिकायचं. त्यासाठी आधी तिकडच्या परीक्षा, मग तिकडच्या दवाखान्यांना अर्ज, मग मुलाखती. मागच्या वर्षी तिला मुलाखतीचं एकही बोलावणं आलं नाही. पोरगी महिनाभर अंगणात दिसली नव्हती. यंदा पाच आली.

धनराजभाऊंनी सांगून टाकलं, "हे शेवटचं. यंदा नाही झालं तर इथंच सरकारी दवाखान्यात लाग, अन् लग्न कर."

पाच मुलाखती आणि एकच साल. तिच्याबरोबर सगळी गल्लीच परीक्षेला बसली!

*

मुलाखती कॉम्प्युटरवर. त्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, साडेसातच्या पुढे. आणि आमच्या गल्लीतली लाईन नेमकी कधी जाते? साडेसातच्या पुढे!

गल्लीत इन्व्हर्टर एकट्या आमच्याकडे. म्हणून पहिल्या मुलाखतीला आमच्या खिडकीतून त्यांच्या खिडकीत वायर टाकली. पण आमचं सॉकेट ढिलं. पिन हातानं दाबून धरली तरच करंट जायचा. इलेक्ट्रिशियन पवनीला गेलेला. शेवटी आमच्या ह्यांना स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, "धरून ठेवा. हात काढला तर पोरीचं साल जाईल!"

व्हायचं तेच झालं, लाईन गेली. हे अंधारात अडीच तास पिन धरून बसले. बॅटरी पुरावी म्हणून पंखा नाही, टीव्ही नाही. मच्छर चावला तरी खाजवलं नाही. मध्ये एकदा शिंक येत होती, तर मी त्यांचं नाक दाबून धरलं!

मुलाखत संपली, पल्लवी धावत आली आणि ह्यांच्या पाया पडली. ह्यांचा हात पार आखडला होता. तो चोळत त्यांनी विचारलं, "मंग, त्या डॉक्टरनं माह्याबद्दल काही इचारलं का?"

*

दुसरी मुलाखत नेमकी आमच्या मंडईच्या दिवशी आली.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात आणि रात्री नाटक. त्या नाटकाची जाहिरात करायला दुपारपासून ऑटो फिरतो, वर दोन भोंगे. "या हो या, अश्रूंनी भिजलेलं, हास्यानं फुललेलं..." असं आमच्या गल्लीतून दर अर्ध्या तासाला.

मी मंडळाच्या अध्यक्षाकडे गेले. म्हटलं, "भाऊ, साडेसात ते दहा आमच्या गल्लीत भोंगा नको. पल्लवीची अमेरिकेची मुलाखत आहे."

माणूस भला. म्हणाला, "काकू, गावची पोरगी आहे. बिलकुल टेन्शन नोका घेऊ. मी ऑटोवाल्याले नीट समजावून सांगतो."

साडेसातला मुलाखत सुरू झाली. गल्ली चिडीचूप. मीनाबाई, म्हणजे पल्लवीची आई, देवाजवळ बसलेली. पावणेआठला गल्लीच्या तोंडावर ऑटो येऊन थांबला. आणि दोन्ही भोंग्यांतून एकदम आवाज फुटला, "समस्त गावकऱ्यांना नम्र विनंती! आपल्या गावची सुकन्या डॉक्टर पल्लवीताई हिची अमेरिकेची मुलाखत चालू आहे! तरी कृपया या गल्लीत कोणीही आवाज करू नये! कोणीही आवाज करू नये!"

तीनदा सांगितलं. मग भल्या माणसानं भोंगा बंद केला आणि ऑटो ढकलत ढकलत गल्ली पार केली.

*

त्या दिवसापासून पल्लवीनं मला ड्यूटी दिली. मुलाखत असली की तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर पाट टाकून बसायचं. माणूस, मांजर, कोंबडी, कोणालाच आत सोडायचं नाही. मी म्हटलं, आपण बिनपगारी वॉचमन. पण खरं सांगते, मला बोलावलं नसतं तरी मी तिथंच असते!

तिसऱ्या मुलाखतीला मी उंबऱ्यावर बसले होते, तर ओसरीवर माणसं आली. बपेऱ्याचे पाहुणे. पोरगा, त्याची आई आणि मामा. धनराजभाऊंनी कोणाजवळ तरी "पोरगी पाहून जा" म्हणून शब्द टाकला होता. दिवस ठरला नव्हता, पण ते पवनीच्या बाजूला एका लग्नाला आले होते, म्हणून वाट वाकडी करून आले.

मीनाबाई घाबरून गेली. "बसा जी. पोरगी मुलाखत देऊन राहिली."

मामा हसले. "आम्ही तं आत्ता आलो. मुलाखत कोणाले देऊन राहिली?"

दोन तास ती माणसं कुजबुजत पोहे खात बसली. मग पल्लवी बाहेर आली. अंगावर मुलाखतीचा काळा कोट, चेहरा उतरलेला, पण डोक्यात मुलाखत अजून चालूच. मामांनी विचारलं, "स्वयंपाक येते का, बाई?"

ही ताठ बसली. म्हणाली, "चांगला प्रश्न विचारलात. माझी एक कमजोरी सांगते, पोळ्या. पण त्यावर मी काम करून राहिली."

मामा गार! मुलाखतीच्या शेवटी आपणही प्रश्न विचारायचे असतात, नाहीतर पोरीला गरज नाही असं त्या लोकांना वाटतं. ते प्रश्न तिनं आठवडाभर भिंतीपलीकडे घोकले होते, मला पण पाठ झाले होते. त्यातलाच एक तिनं सवयीनं पोराच्या आईला टाकला, "तुमच्याकडून कोणी मध्येच सोडून गेलं आहे का? गेलं असेल तर कारण काय?"

पोराच्या आईनं पदर तोंडाला लावला. मामा उठले, चप्पल शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांची मोठी सून दिवाळीपासून माहेरी होती!

धनराजभाऊ आठ दिवस पोरीशी धड बोलले नाहीत.

*

पाचही मुलाखती झाल्या. मला वाटलं, संपलं. पण नाही! आता यादी भरायची होती.

ही यादीची भानगड मी तिच्याकडून चार वेळा समजून घेतली. पोरगी पाच दवाखान्यांना नंबर देते, सगळ्यात आवडीचा एक नंबरला. तिकडे दवाखानेही पोरापोरींना नंबर देतात. मग कॉम्प्युटर दोन्ही याद्या लावून बघतो. कुठं जमलं तर जमलं, नाहीतर साल गेलं. आणि जमलं तर नाही म्हणता येत नाही. जायचंच.

धनराजभाऊंचं ठरलेलं होतं. एक नंबरला न्यूयॉर्क. काहून? तर तिथं त्यांच्या मावसभावाचा पोरगा राहतो. "आपला माणूस आहे तिथं. रातबेरात काही झालं तं दार ठोठावता येते. नाव मोठं आहे ते येगळंच."

पल्लवीच्या मनात चौथा दवाखाना होता. बारक्याशा गावातला. चहूकडे मक्याची शेतं, सहा महिने बर्फ. ओळखीचं कोणी नाही. तिथली मोठी डॉक्टर म्हणजे एक पिकल्या केसांची बाई.

"त्या बर्फात कोण आहे तुह्या?" धनराजभाऊ भिंत हलेल असे ओरडले. "मराचं आहे का एकटीनं?"

"बाबा, तिथं मले शिकायले भेटन."

"अन् इथं बाप काय शिकवून राहिला, ते?"

यादी पाठवायच्या शेवटच्या दिवशी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. डोळे सुजलेले. मी तांदूळ निवडत होते. म्हणाली, "काकू, मले आता काहीच समजत नाही. बाबांचं ऐकलं अन् तिथं मन नाही लागलं तं? माह्यं ऐकलं अन् चुकलं तं? तुम्ही तीन मुलाखतींले उंबऱ्यावर होता. तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, "अवं, दहावीत माह्या इंग्रजीचा विषय उडाला होता. मले त्यातलं काय समजते!"

"तरी पण."

मी सूप खाली ठेवलं. म्हटलं, "मी खाली पाटावर बसत होती. वरचं मले काही समजे नाही, मले टेबलाखालचंच दिसे. तुह्या पाय पूर्ण टाईम शिलाई मशीनवानी हालत राहे. तिसरीत हालला, पाचवीत हालला. चौथीत ते पिकल्या केसांची बाई बोलाले लागली अन् पाय थांबला. पूर्ण टाईम. मले वाटलं, मुंग्या आल्या असतीन."

तिनं आपल्या पायाकडे बघितलं. मग उठली. चप्पल न घालता घरी गेली. पाच मिनिटांनी भिंतीपलीकडून आवाज आला, "बाबा, मी चौथं एक नंबरले टाकलं."

त्यानंतर मी कान लावून ऐकलं, कबूल करते. धनराजभाऊ एवढंच म्हणाले, "तुह्यं तू पाहा."

त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं मीनाबाईच्या मार्फत. "तिले सांग, मोटर बंद कर." "त्यायले सांग, केली."

*

निकाल मार्चमध्ये. आणि तो पण एकदम नाही! सोमवारी फक्त कळवतात, जमलं की नाही. कुठं जमलं, ते शुक्रवारी.

सोमवारी संध्याकाळी पल्लवीनं मोबाईल बघितला आणि "जमलं!" म्हणून किंकाळी फोडली. मीनाबाई रडायला लागली. मग डोळे पुसून विचारलं, "कुठं?"

"ते शुक्रवारी, आई."

"हे कसं वं? लगन जमलं, पण नवरदेव कोण ते चार दिवसानं सांगतो म्हणते!"

धनराजभाऊ म्हणाले, "गाव समजल्याबिगर पेढे वाटाचे नाही." पण तोवर मी अर्धी गल्ली वाटून आले होते. मला कुठं दम!

लोक विचारत, "पल्लवीचं कुठं जमलं?"

मी सांगे, "अमेरिकेत."

"अमेरिकेत कुठं?"

"ते कोणालेच माहीत नाही. तिले पण नाही. शुक्रवारी समजन."

बुधवारच्या बाजारापर्यंत अड्याळभर बातमी झाली होती की धनराजभाऊची पोरगी अमेरिकेच्या गुप्त पोलिसात लागली!

*

शुक्रवारी रात्री साडेनऊला निकाल. मी आणि हे जेवण उरकून त्यांच्याकडे जाऊन बसलो. धनराजभाऊ खाटेवर, पाठ आमच्याकडे. पल्लवीनं मोबाईल हातात घेतला. तिनं उघडलं. वाचलं. आणि खाली जमिनीवर बसली.

हसते की रडते तेच कळेना. मीनाबाईनं तिचे खांदे धरले. "बोल नं, माय!"

खाटेवरून आवाज आला. किती आठवड्यांनी पहिल्यांदा सरळ तिच्याशी. "कोणतं?"

"चौथं."

धनराजभाऊ उठले. आत गेले. दार लोटून घेतलं. ताट वाढलेलं तसंच राहिलं. आम्ही पण उठलो. एवढ्या आनंदाच्या दिवशी गल्लीत कोणाला आवाज करावासा वाटेना.

सकाळी मी अंगणात सडा टाकताना बघितलं, धनराजभाऊंची गाडी नाही. मीनाबाईला पण सांगून गेले नव्हते. नऊ वाजले, दहा वाजले. फोन घरीच. पल्लवी दारात उभी. आत जायची, परत यायची. मी आमच्या ह्यांना म्हटलं, "जरा तळ्याकडे चक्कर मारून या." त्यांच्याही मनात तीच भीती होती, कारण ते लगेच निघाले.

अकराला गाडी आली. धनराजभाऊ घामानं ओलेचिंब. मार्चचं ऊन, डोक्याला दुपट्टा. हँडलला मोठी पिशवी. ती त्यांनी पल्लवीच्या पुढ्यात ठेवली आणि ओसरीवर बसून पाणी मागितलं.

पिशवीतून स्वेटर निघाला. जाडजूड, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा. अड्याळात मिळाला नाही, म्हणून पार भंडाऱ्याला गेले होते. तिथं तीन दुकानदारांनी "भाऊ, तब्येत बरी आहे नं?" म्हणून विचारलं. चौथ्यानं माळ्यावरून पेटी काढून दिली.

पल्लवी स्वेटर छातीशी धरून उभी राहिली. मी काही बोलणार, तेवढ्यात मीनाबाईनं पिशवीत हात घातला. आत अजून एक स्वेटर. लाल, बुट्ट्यांचा.

"हा कोणाचा जी?"

"त्या बाईचा," धनराजभाऊ म्हणाले. "पिकल्या केसांच्या. पोरगी तिच्या दारात धाडून राहिलो. खाली हातानं धाडू का?"

मग त्यांनी तो लाल स्वेटर हातात घेतला, दोन्ही बाह्या धरून पसरला, एकदा पोरीकडे आणि एकदा स्वेटरकडे बघितलं. "पण मापाचं काही समजलं नाही मले. पल्लू, ते बाई अंगानं केवढी आहे वं?"

पल्लवी रडत रडत हसायला लागली. म्हणाली, "बाबा, मी त्यांले खांद्यापर्यंतच पाहिलं आहे!"